वेब सर्व्हरमधील धागे आणि दीर्घ विनंत्या

धागा, म्हणजेच थ्रेड, ही संगणकाच्या कार्यप्रणालीने स्वतंत्रपणे चालवता येईल अशी आज्ञांची सर्वांत लहान मालिका होय. वेब सर्व्हर एकाच वेळी अनेक वापरकर्त्यांच्या विनंत्या हाताळण्यासाठी बहुधा धाग्यांचा उपयोग करतो. मात्र प्रत्येक धाग्याला स्मृती आणि प्रक्रियकाचा वेळ लागतो, त्यामुळे त्यांची संख्या मर्यादित ठेवावी लागते. जी विनंती पूर्ण होण्यास कित्येक सेकंद वा मिनिटे लागतात तिला दीर्घ विनंती म्हणतात. अशा थोड्या विनंत्यासुद्धा उपलब्ध धागे अडवून ठेवतात आणि मग क्षणात पूर्ण होऊ शकणाऱ्या इतर विनंत्याही खोळंबतात. सामान्य वापरकर्त्याला 'सर्व्हर डाऊन आहे' असा जो अनुभव येतो, त्यामागे अनेकदा यंत्र बंद पडलेले नसते. त्याचे सर्व धागे वाट पाहण्यात गुंतलेले असतात.

संकल्पना

प्रोसेस आणि थ्रेड या दोन संज्ञांमधील फरक येथे महत्त्वाचा आहे. चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात आणि तिला स्वतःची स्वतंत्र स्मृती असते. एका प्रोसेसमध्ये अनेक धागे असू शकतात. ते सर्व त्या प्रोसेसची स्मृती सामायिकपणे वापरतात; परंतु प्रत्येक धाग्याला स्वतःचा स्टॅक आणि प्रक्रियकातील नोंदींची स्वतःची स्थिती असते.

ब्राउझरने पाठवलेली विनंती सर्व्हरवर पोहोचली की तिच्यावर होणारे काम साधारणपणे दोन प्रकारचे असते. पहिले गणनेचे, म्हणजे माहिती पडताळणे, पान तयार करणे, बेरीज-वजाबाकी करणे. दुसरे प्रतीक्षेचे, म्हणजे डेटाबेसचे उत्तर येण्याची, डिस्कवरील संचिका वाचली जाण्याची किंवा दुसऱ्या सर्व्हरच्या प्रतिसादाची वाट पाहणे. बहुतेक संकेतस्थळांत दुसऱ्या प्रकारचा वाटा फार मोठा असतो. पारंपरिक पद्धतीत प्रतीक्षेच्या काळातही धागा त्या विनंतीलाच बांधलेला राहतो. प्रक्रियक त्या वेळी मोकळा असला तरी धागा मोकळा नसतो. या लेखातील मुख्य प्रश्न येथूनच निर्माण होतो.

धाग्यांचा खर्च

धागा वापरण्याचा खर्च पुढील बाबींत मोजला जातो.

स्मृती: प्रत्येक धाग्यासाठी स्टॅकची जागा राखून ठेवली जाते. ६४-बिट संगणकांवरील जावा प्रणालीत ती सामान्यतः १ मेगाबाइट असते, तर लिनक्सच्या अनेक वितरणांत मूळ मर्यादा ८ मेगाबाइट असते. १ मेगाबाइटच्या हिशेबाने १०,००० धाग्यांसाठी सुमारे १० गिगाबाइट पत्ताजागा राखावी लागते. राखलेली सर्व जागा प्रत्यक्षात वापरली जात नाही. कार्यप्रणाली गरजेपुरतीच खरी स्मृती देते. तरीही धाग्यांची संख्या वाढत गेली की हा भार दुर्लक्षिण्याजोगा राहत नाही.

निर्मिती: धागा निर्माण करणे आणि काम संपल्यावर नष्ट करणे यासाठी कार्यप्रणालीच्या गाभ्याची मदत घ्यावी लागते. विनंती अगदी छोटी असेल, तर मूळ कामापेक्षा ही तयारीच जड होऊ शकते.

अदलाबदल: प्रक्रियकाचा एक गाभा एका क्षणी एकाच धाग्याचे काम करतो. एक धागा थांबवून दुसरा सुरू करताना पहिल्याची स्थिती जपून ठेवावी लागते आणि दुसऱ्याची परत आणावी लागते. याला संदर्भबदल म्हणतात. एका संदर्भबदलाला प्रत्यक्ष लागणारा वेळ काही मायक्रोसेकंदांच्या घरात असतो. अप्रत्यक्ष खर्च याहून अधिक असू शकतो, कारण प्रक्रियकाच्या शीघ्रस्मृतीत साठवलेली पहिल्या धाग्याची माहिती दुसऱ्याच्या उपयोगाची नसते आणि ती पुन्हा मुख्य स्मृतीतून आणावी लागते.

समन्वय: सामायिक माहितीत दोन धाग्यांनी एकाच वेळी बदल केल्यास ती बिघडू शकते. हे टाळण्यासाठी कुलूप, म्हणजेच लॉक, वापरले जाते. कुलपासाठी धागे एकमेकांची वाट पाहू लागले की धागे वाढवूनही वेग वाढत नाही. दोन धागे परस्परांनी धरलेल्या कुलपांची वाट पाहत कायमचे अडकले, तर त्या स्थितीला डेडलॉक म्हणतात.

इतिहास

१९९० च्या दशकाच्या आरंभी वेब सर्व्हर प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस निर्माण करीत. १९९३ मध्ये पुढे आलेल्या सीजीआय या पद्धतीत तर प्रत्येक विनंतीसाठी नवा प्रोग्रॅम सुरू होई. १९९५ मध्ये आलेल्या अपाचे सर्व्हरने काही प्रोसेस आधीच तयार ठेवण्याची रीत रूढ केली. २००२ मध्ये सर्वसाधारण वापरासाठी आलेल्या अपाचे २.० मध्ये प्रोसेस आणि धागे यांची मिश्र रचना उपलब्ध झाली.

धागे की घटना, हा वाद याच काळातील आहे. जॉन ऑस्टरहाउट यांनी १९९६ मध्ये बहुतेक कामांसाठी धागे ही वाईट कल्पना आहे, असे प्रतिपादन एका व्याख्यानात केले. उलट, २००३ मध्ये रॉब फॉन बेरेन, जेरेमी कॉन्डिट आणि एरिक ब्रूअर यांनी घटनाधारित रचनाच अनिष्ट असल्याची आणि धाग्यांची अंमलबजावणी सुधारता येण्याजोगी असल्याची बाजू मांडली.

१९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एका सर्व्हरवर एकाच वेळी १०,००० ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न मांडला. तो 'सी-टेन-के' या नावाने प्रसिद्ध आहे. एका ग्राहकामागे एक धागा ही रीत एवढ्या संख्येला परवडणारी नव्हती. कोणत्या जोडणीवर नवी माहिती आली आहे हे एकाच धाग्याला कार्यक्षमपणे समजावे, यासाठी फ्रीबीएसडी प्रणालीत २००० मध्ये केक्यू, तर लिनक्समध्ये २००२ मध्ये ईपोल ही सुविधा आली. त्यांच्या आधारे इगॉर सिसोयेव यांनी घडवलेला एनजिन-एक्स हा सर्व्हर २००४ मध्ये आणि रायन डाल यांचे नोड.जेएस २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

धाग्यांचा संच

विनंतीगणिक नवा धागा निर्माण करण्याऐवजी ठरावीक संख्येचे धागे आधीच तयार ठेवून तेच पुन्हा पुन्हा वापरण्याच्या पद्धतीला धाग्यांचा संच किंवा थ्रेड पूल म्हणतात. सर्व धागे कामात असतील तर नवी विनंती रांगेत थांबते. जावा प्रणालीतील टॉमकॅट या प्रचलित सर्व्हरमध्ये संचाची मूळ मर्यादा २०० धागे एवढी असते.

संचात किती धागे असावेत, हे कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. काम निव्वळ गणनेचे असेल, तर प्रक्रियकाच्या गाभ्यांइतके धागे जवळपास पुरेसे असतात. त्याहून अधिक धागे केवळ अदलाबदल वाढवतात. कामात प्रतीक्षा असेल, तर गाभ्यांच्या संख्येला 'एक अधिक प्रतीक्षाकाळ भागिले गणनाकाळ' या राशीने गुणले जाते. उदाहरणार्थ, ८ गाभ्यांच्या संगणकावर एका विनंतीला ५ मिलिसेकंद गणना आणि ४५ मिलिसेकंद प्रतीक्षा लागत असेल, तर ८ × (१ + ९) = ८० धागे हा योग्य आरंभबिंदू ठरतो. अंतिम संख्या प्रत्यक्ष चाचणी घेऊनच निश्चित केली जाते.

दीर्घ विनंत्यांचा परिणाम

रांगेच्या गणितातील लिटलचा नियम येथे उपयोगी पडतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. या नियमानुसार, एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती ग्राहक असतील हे त्यांच्या येण्याचा वेग आणि प्रत्येकाचा व्यवस्थेत जाणारा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतके असते.

समजा, सर्व्हरवर २०० धागे आहेत आणि प्रत्येक विनंती ५० मिलिसेकंदांत पूर्ण होते. असा सर्व्हर तत्त्वतः दर सेकंदाला ४,००० विनंत्या निकाली काढू शकतो. आता यांपैकी केवळ ५ टक्के विनंत्यांना १० सेकंद लागू लागले, असे मानू. सरासरी काळ ५० मिलिसेकंदांवरून सुमारे ५४८ मिलिसेकंदांवर जातो आणि क्षमता दर सेकंदाला सुमारे ३६५ विनंत्यांवर येते. शंभरातील पाच विनंत्या मंदावल्यामुळे संपूर्ण सर्व्हरची क्षमता एक-दशांशाहूनही खाली घसरते. उरलेल्या ९५ टक्के विनंत्यांत कोणताही दोष नसतो; त्यांना केवळ मोकळा धागा मिळत नाही.

यानंतर परिस्थिती अधिक बिघडण्याचा धोका असतो. पान उघडत नाही असे पाहून वापरकर्ता ते पुन्हा ताजे करतो. त्याची पहिली विनंती मात्र सर्व्हरवर तशीच चालू असू शकते, कारण ग्राहक निघून गेल्याचे काम करणाऱ्या धाग्याला आपोआप कळतेच असे नाही. अशा रीतीने एका व्यक्तीच्या दोन-तीन विनंत्या रांगेत जमतात आणि ज्यांचे उत्तर घेणारे कोणी उरलेले नाही अशा कामावर धागे खर्ची पडतात.

दीर्घ विनंत्यांचे प्रकार

दीर्घ विनंत्यांची कारणे वेगवेगळी असतात आणि उपायही त्यानुसार बदलतात.

१. जड गणना: मोठा अहवाल तयार करणे, हजारो पानांची पीडीएफ संचिका बनवणे, चित्रफितीचे रूपांतर करणे इत्यादी. येथे प्रक्रियक खरोखरच व्यग्र असतो.

२. अन्य सेवेवरील प्रतीक्षा: डेटाबेस, बँकेची भरणा सेवा किंवा ओळख पडताळणारा दुसरा सर्व्हर उशिरा उत्तर देतो. येथे धागा नुसता थांबून राहतो.

३. मंद जोडणीचा ग्राहक: २ मेगाबाइटचे प्रमाणपत्र सेकंदाला २०० किलोबिट वेगाने चढवण्यास सुमारे ८० सेकंद लागतात. सर्व्हर ही माहिती थेट धाग्यामार्फत वाचत असेल, तर तो धागा तेवढा वेळ अडकून पडतो. याच दुबळेपणाचा गैरफायदा घेणारे 'स्लोलोरिस' हे आक्रमणतंत्र २००९ मध्ये प्रकाशात आले. त्यात आक्रमक असंख्य जोडण्या उघडून विनंतीचा मजकूर मुद्दाम तुटक-तुटक पाठवत राहतो.

४. हेतुपुरस्सर उघडी ठेवलेली जोडणी: संदेशसेवा, क्रिकेटचा धावफलक किंवा बाजारभाव यांत नवी माहिती येताच ती ग्राहकाकडे पोहोचवायची असते. यासाठी लाँग पोलिंग, सर्व्हरप्रेषित घटना आणि वेबसॉकेट या पद्धती वापरल्या जातात. वेबसॉकेटचे प्रमाणित रूप डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

उपाययोजना

पार्श्वभूमीवर काम सोपवणे: जड गणनेसाठी विनंतीचा धागा अडवून न ठेवता ते काम स्वतंत्र रांगेत टाकले जाते. सर्व्हर तत्काळ २०२ हा संकेतांक आणि काम क्रमांक देतो. 'विनंती स्वीकारली आहे, काम अद्याप पूर्ण झालेले नाही' असा या संकेतांकाचा अर्थ आहे. रांगेतील कामे वेगळे कामकरी प्रोग्रॅम उरकतात आणि ग्राहक क्रमांकाच्या आधारे प्रगती विचारतो. कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्यावी आणि दाखला नंतर न्यावा, तशी ही व्यवस्था आहे.

घटनाधारित रचना: एकच धागा हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवतो आणि ज्या जोडणीवर काही घडले असेल तिचे तेवढेच काम करून पुढे जातो. वाट पाहणाऱ्या जोडणीसाठी धागा लागत नाही. केवळ थोडी स्मृती लागते. चौथ्या प्रकारच्या विनंत्यांसाठी ही रचना विशेष उपयुक्त आहे. तथापि तिच्यात एक मोठी जोखीम असते. एखाद्या जोडणीचे जड गणनाकाम त्याच धाग्यावर केले, तर उरलेल्या सर्व जोडण्या एकदम थांबतात.

असिंक आणि अवेट: घटनाधारित आज्ञावली वाचण्यास अवघड असते. ती सरळ, क्रमवार लिहिता यावी म्हणून सी-शार्प भाषेच्या २०१२ मधील आवृत्तीत असिंक आणि अवेट हे शब्द आले. पुढे पायथन, जावास्क्रिप्ट इत्यादी भाषांनीही ही पद्धत स्वीकारली.

हलके धागे: हे धागे कार्यप्रणालीऐवजी भाषेची स्वतःची व्यवस्था सांभाळते. अर्लांग भाषेत अशी रचना आरंभापासून आहे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेतील गोरूटीनचा आरंभीचा स्टॅक सध्या केवळ २ किलोबाइट असतो. जावा भाषेत सप्टेंबर २०२३ मधील २१ व्या आवृत्तीपासून आभासी धागे नियमितपणे उपलब्ध झाले.

मध्यस्थ सर्व्हर: मंद ग्राहकाची विनंती आधी एनजिन-एक्ससारखा मध्यस्थ सर्व्हर पूर्णपणे गोळा करतो आणि मगच मुख्य सर्व्हरकडे पाठवतो. त्यामुळे मुख्य सर्व्हरचा धागा ग्राहकाच्या जोडणीच्या वेगावर अवलंबून राहत नाही.

कालमर्यादा आणि विभागणी: प्रत्येक बाह्य सेवेच्या प्रतीक्षेला कालमर्यादा घालणे आवश्यक मानले जाते. दीर्घ विनंत्यांसाठी धाग्यांचा वेगळा, छोटा संच ठेवल्यास त्या सर्व मिळूनही उरलेल्या सर्व्हरला अडवू शकत नाहीत. जहाजाच्या तळातील वेगवेगळ्या कप्प्यांप्रमाणे ही विभागणी काम करते. एका कप्प्यात पाणी शिरले तरी जहाज तरंगते.

प्रवेशनियंत्रण: रांग अमर्याद वाढू देण्यापेक्षा काही विनंत्यांना लगेच नकार देणे हितावह असते. यासाठी ५०३ हा संकेतांक वापरला जातो आणि किती वेळाने पुन्हा प्रयत्न करावा हेही सांगता येते. काही संकेतस्थळे प्रतीक्षागृहाची पद्धत वापरतात. यात्रेतील दर्शनबारीप्रमाणे आत ठरावीक संख्या ठेवून उरलेल्यांना क्रमाने सोडले जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

राज्यातील अनेक सार्वजनिक सेवांवर ठरावीक दिवशी किंवा मुदतीच्या अखेरीस एकदम ताण येतो. दहावी-बारावीचे निकाल, अकरावीचे केंद्रीय प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि खरीप पीक विम्याचे अर्ज ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

१६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीचा निकाल जाहीर केला. कोविड-१९ साथीमुळे त्या वर्षी परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला होता. निकाल जाहीर झाल्यावर संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी विद्यार्थी व पालकांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

अशा गर्दीचे प्रमाण लिटलच्या नियमाने समजून घेता येते. १५ लाख विद्यार्थ्यांनी १० मिनिटांच्या अवधीत प्रत्येकी एकदाच निकाल पाहिला, असे मानल्यास दर सेकंदाला २,५०० विनंत्या येतील. प्रत्येक विनंती ५० मिलिसेकंदांत पूर्ण झाल्यास एका वेळी सरासरी १२५ धागे पुरतात. तीच विनंती डेटाबेसवरील ताणामुळे २ सेकंद रेंगाळली, तर ५,००० धागे लागतील. गर्दी तेवढीच असूनही गरज ४० पट वाढते. म्हणून अशा प्रसंगी विनंतीचा काळ कमी करणे हे धागे वाढवण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. जाहीर झालेला निकाल दर मिनिटाला बदलणारी माहिती नसतो; त्यामुळे प्रत्येक गुणपत्रकाचे पान आधीच तयार करून ते अनेक सर्व्हरांवर साठवणे शक्य असते. अलीकडे मंडळाचा निकाल डिजिलॉकरसारख्या अन्य मार्गांनीही उपलब्ध होत असल्याने भार विभागला जातो.

ग्रामीण भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळ्यासारख्या गावात अनेक नागरिक सातबारा उतारा, पीक विमा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज यांसाठी सेवा केंद्रावर अवलंबून असतात. केंद्रावरील एकाच जोडणीवरून एकामागून एक अर्ज भरले जातात. जोडणी मंद असेल तर प्रत्येक विनंती अधिक काळ सर्व्हरशी जोडलेली राहते आणि कालमर्यादा ओलांडून तुटण्याची शक्यताही वाढते. शहरातील वेगवान जोडणी गृहीत धरून ठरवलेली कालमर्यादा अशा अर्जदाराला व्यवस्थेबाहेर ठेवू शकते. तुकड्यातुकड्यांनी संचिका चढवण्याची सोय, अर्धवट अर्ज जतन होणे आणि भरलेल्या रकमेची दुबार नोंद न होणे ही वैशिष्ट्ये म्हणूनच महत्त्वाची ठरतात. यांपैकी शेवटच्या गुणासाठी प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक दिला जातो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवा व्यवहार न करता आधीचेच उत्तर परत देतो.

मर्यादा

घटनाधारित रचना किंवा हलके धागे वापरल्याने कोणतेही काम मुळात वेगवान होत नाही. ५ सेकंद घेणारी डेटाबेसची पृच्छा ५ सेकंदच घेते. फक्त त्या काळात मौल्यवान धागा अडत नाही. डेटाबेसशी एका वेळी ५० जोडण्याच उपलब्ध असतील, तर सर्व्हरवर लक्षावधी हलके धागे निर्माण करूनही ५१ व्या पृच्छेला थांबावेच लागते. अडथळा नाहीसा न होता एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो. त्यामुळे धाग्यांची संख्या बदलण्यापूर्वी वेळ नेमका कोठे जातो याचे मोजमाप करणे आवश्यक असते.

वापरकर्ते थोडे आणि विनंत्या अल्पकालीन असतील, तर धाग्यांचा साधा संच आजही पुरेसा आणि समजण्यास सोपा पर्याय आहे. अनेक संघटनांची अंतर्गत संकेतस्थळे याच पद्धतीवर चालतात.

हेही पहा

वेब सर्व्हर
कार्यप्रणाली
एचटीटीपी
डेटाबेस
अपाचे एचटीटीपी सर्व्हर
लिनक्स